राणीछाप रुपये तपासणी: कामाच्या नोंदी

२७ ऑक्टोबर

दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनासाठी घरोघरचे कलदार, म्हणजे इंग्रजांच्या काळातले चांदीचे रुपये, डब्यातून बाहेर निघालेत, आठ दिवसांत परत पेटीत जातील, मग पुढच्या वर्षीपर्यंत कोणी पाहत नाही, म्हणून हे काम आत्ताच सुरू करतोय. बचत गटाच्या बायकांनी विषय काढला. यंदा गावात फिरत्या माणसांनी राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा चेहरा असलेले रुपये विकले, दोन-तीन घरांनी घेतले, आता प्रत्येकीला शंका आहे की आपल्या घरातलं कोणतं खरं अन् कोणतं नाही. काम साधं ठरवलंय. जो आणेल त्याचं नाणं मोजायचं, दोन्ही बाजूंचा अन् कडेचा फोटो काढायचा, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि काय वाटतं ते कारणासकट सांगायचं. पैसे घ्यायचे नाहीत. आणि मी नाणं विकत घेणार नाही, विकूनही देणार नाही, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण जो तपासतो तोच खरेदी करतो तिथं गरिबाचा घात होतो, हे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलंय.

सामान बरंचसं माझ्या मोबाईल रिपेरिंगच्या दुकानातच आहे. डोळ्याला लावायचा भिंग, जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला जोरदार मॅग्नेट, जाडी अन् व्यास मोजायचा व्हर्नियर. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा ऑनलाईन मागवला, स्वस्तात मिळतो. भाचा बारावी सायन्सला आहे, आकडेमोड त्याच्याकडे.

३० ऑक्टोबर

आधी खरं म्हणजे काय ते पक्कं केलं, नाहीतर खोटं कशाशी ताडून पाहायचं.

ब्रिटिश रुपयाचा हिशोब फार सरळ आहे आणि हाच आपला आधार. १८३५ पासून कंपनीच्या मुलखात सगळीकडे एकच रुपया, वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे ९१.७ टक्के, बाकी तांबं. व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. राणी गेली, राजे बदलले, पण १९३९ पर्यंत हे वजन अन् हा कस बदलला नाही. १८३३ ला तोळाही १८० ग्रेनचाच ठरवला होता, त्यामुळे रुपया म्हणजेच तोळा. आपले म्हातारे अजूनही हळद, हिंग, जडीबुटी 'रुपयाभार' सांगतात ते त्यामुळेच, रुपया तराजूत टाकला की झालं. इथे एक घोळ होतो तो लिहून ठेवतो: आता सराफा दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. कोणी सांगितलं की 'एक तोळ्याचं नाणं आहे' आणि काट्यावर दहा ग्रॅम भरलं, तर ते नाणं बरोबर नाही, हलकं आहे.

घरातले अन् मामीकडचे मोजले. १८४० चा ११.५२. १८६२ चा ११.४७. १९०० चा ११.५८, १९०७ चा ११.६०, १९१९ चा ११.६४. जितका हातोहात फिरला तितका झिजला, हे आकड्यांत दिसतंच. खूप झिजलेला, नाकडोळा गेलेला रुपया ११.३ पर्यंत उतरला तरी मी घाबरणार नाही. पण चेहरा कोरा करकरीत, केसांची प्रत्येक रेघ शाबूत आणि वजन मात्र ११.२, असं असेल तर ते जुळत नाही. झीज आणि वजन एकमेकांना धरून चालायला पाहिजे.

घरात पिढ्यान् पिढ्या आहे म्हणून ते खरं, असं मी धरलेलं नाही. खोटे रुपये राणीच्या काळातही होते. म्हणून नमुन्याला वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या सालांची नाणी घेतली, सगळ्यांचं वजन, माप, आवाज एका रेषेत आला तेव्हाच ती नमुना म्हणून बाजूला ठेवली.

२ नोव्हेंबर

पाण्याची पद्धत बसवली. हे सगळ्यात कामाचं आहे आणि नाण्याला ओरखडाही येत नाही.

काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा, काटा शून्य करायचा. नाणं पातळ दोऱ्याने बांधून वरून लटकवत पाण्यात पूर्ण बुडवायचं, तळाला टेकू द्यायचं नाही, काठाला लागू द्यायचं नाही. आता काट्यावर जो आकडा दिसतो तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा, म्हणजे नाण्याचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. शुद्ध चांदी १०.४९, रुपयाची चांदी तांबं मिसळल्यामुळे १०.३४ च्या आसपास. म्हणजे ११.६६ च्या नाण्याला पाण्यात १.१३ दिसायला पाहिजे. जर्मन सिल्व्हर ८.७ च्या जवळ, तांबं ८.९६, पितळ त्याहून कमी. जर्मन सिल्व्हर नावात चांदी असली तरी त्यात चांदी कणभर नसते, तांबं, निकेल आणि जस्त एवढंच, ही गोष्ट गावात बहुतेकांना माहीत नाही आणि फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात.

दोन काळज्या. नाण्याला बुडबुडे चिकटतात, तेवढ्याने आकडा बिघडतो, म्हणून पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकायचा आणि नाणं हलवून बुडबुडे सोडवायचे. दुसरं म्हणजे काट्याचा ०.०१ चा फरक इथे घनतेत ०.१ चा फरक करतो, त्यामुळे १०.२५ आलं काय आणि १०.४३ आलं काय, दोन्ही बरोबर धरायचे. या पद्धतीने ९२ टक्के की ९५ टक्के हे कळणार नाही. चांदी की जर्मन सिल्व्हर हे मात्र चटकन कळतं.

भाच्याने गणित उलटं करून दाखवलं ते फार आवडलं. त्याच मापाचं, तेवढंच जाड नाणं जर्मन सिल्व्हरचं केलं तर ते ९.८ ग्रॅमच भरेल. म्हणजे खोटं करणाऱ्यापुढे दोनच वाटा, एक तर वजन कमी ठेवा, नाहीतर नाणं जाड किंवा मोठं करा. दोन्ही व्हर्नियर अन् काट्यात सापडतात. पाणी नसलं तरी नुसतं वजन आणि माप जोडीने घेतलं तर निम्मं काम तिथेच होतं.

५ नोव्हेंबर

बाजाराचा दिवस, दुकानासमोर गर्दी. शेजारच्या वहिनी त्यांनी विकत घेतलेलं गाठोडं घेऊन आल्या. वीसेक राणीछाप, सगळे १८६२ चे. काट्यावर एकेक ठेवत गेलो, ९.८१, ९.७९, ९.८४, ९.८०. पाण्यात घनता ८.७. मुलामा चांगला चढवलाय, रंग अगदी चांदीचा. वहिनींच्या चेहऱ्याकडे पाहवेना, कापूस विकून आलेला पैसा होता.

वजनाच्याही आधी भिंगाखाली जे दिसलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. राणीच्या गालावर डाव्या बाजूला एक आडवा ओरखडा, आणि तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच लांबीचा, दुसऱ्या नाण्यावर, तिसऱ्यावर, सगळ्यांवर. खऱ्या नाण्याला ओरखडे पडतात ते टांकसाळीतून निघाल्यावर, वेगवेगळ्या हातांत, वेगवेगळ्या कंबरकश्यांत. दोन नाण्यांचा ओरखडा सारखा असूच शकत नाही. सारखा आहे याचा अर्थ कोणीतरी एका खऱ्या, ओरखडा असलेल्या रुपयावरून साचा केला आणि त्यात हे सगळे ओतले. त्यामुळे आमचा पहिला नियम असा झाला की एकापेक्षा जास्त नाणी असतील तर ती आधी एकमेकांशेजारी ठेवायची.

ओतीव नाण्याची बाकीची लक्षणंही इथे एकत्र मिळाली म्हणून लिहितो. टांकसाळीत नाणं दोन पोलादी ठशांमध्ये प्रचंड दाबाने पाडतात, त्यामुळे मोकळी जागा गुळगुळीत सपाट, अक्षरांच्या कडा उभ्या, तीक्ष्ण. साच्यात ओतलेल्याला मोकळ्या जागेत तव्यावरच्या भाकरीला पडतात तशी बारीक छिद्रं, अक्षरांची बुडं भरलेली, मुकुटाची नक्षी बोथट. कडेवरचे दाते एकसारखे नसतात, आणि साच्याचे दोन भाग जिथे जुळले तिथे कडेभर एक रेघ राहते, ती कानशीने घासली की तिथले दाते पुसट होतात. कड ही जागा कोणी पाहत नाही, फोटोतही येत नाही, म्हणून खोटं करणारा तिथेच आळस करतो. मी आता नाणं हातात आलं की आधी कड पाहतो.

विकायची पद्धत पण वहिनींकडून नीट विचारून घेतली. दोघं जण आले, एक बाई एक माणूस, मजुरीवर खोदकाम करतो म्हणाले, पायवा खोदताना हंडा सापडला, कोणाला बोलू नका. आधी एक रुपया दिला, "सोनाराले दाखवून या बाई, मंग घ्या." तो एक खरा होता. सोनाराने खराच सांगितला. मग गाठोडं आलं ते हे. नमुना खरा, माल खोटा, ही जुनी रीत आहे.

आणि 'कोणाला बोलू नका' याच्यामागे डोकं आहे. १८७८ चा निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, लपवणं गुन्हा. म्हणजे जो हंडा सापडला म्हणून विकतो तो खरं बोलत असेल तर माल बेकायदेशीर आणि खोटं बोलत असेल तर माल खोटा. घेणाऱ्याला वाटतं आपणही त्यात अडकू, म्हणून तो पोलिसात जात नाही. वहिनींना सांगितलं की हंडा नव्हताच, तुमची फसवणूक झाली, तक्रार द्या, मी सोबत येतो. त्या म्हणाल्या, "घरी इचारून सांगतो भाऊ." नाणी वेगळ्या पाकिटात सील करून, फोटोसकट त्यांच्याकडेच ठेवायला दिली, वितळवू नका म्हटलं, तो पुरावा आहे.

९ नोव्हेंबर

आवाज. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना भिंग, काटा काही लागत नाही. गल्लीतले एक आबाजी ऐंशीच्या पुढचे, डोळ्यांनी कमी दिसतं, रुपया बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या रुपयाने कडेला हलकेच वाजवतात अन् कानाशी नेतात. खऱ्या चांदीचा आवाज बारीक, लांब, हळूहळू विरणारा. खोट्याचा टप्प करून संपतो. वहिनींच्या गाठोड्यातला वाजवला तर म्हणाले, "हे वाजूनच नाही राह्यलं, बोलते कसं तं पाह्य."

मी मोबाईलवर रेकॉर्ड करून एकाच छापाच्या खऱ्या नाण्यांशी ताडतोय, आवाज किती वेळ टिकतो ते पाहायला बरं पडतं. पण फरशीवर आपटून वाजवू नका, कडेला दणका बसतो. आणि ज्या रुपयाला माळेत ओवायला कडी लावलीय, डाख दिलाय, तो खरा असूनही नीट वाजत नाही. चीर गेलेलाही नाही. म्हणून बद्द आवाज म्हणजे लगेच खोटं असं नाही, चांगला आवाज मात्र मोठी जमेची गोष्ट.

आवाज का ठेवलाच पाहिजे याचं एक कारण आहे. शिसं चांदीपेक्षा जड, ११.३४. कथिल हलकं, ७.३. दोन्ही अंदाजाने मिसळले तर घनता बरोब्बर चांदीएवढी आणता येते. म्हणजे वजन बरोबर, माप बरोबर, पाणीही बरोबर सांगणार. पण शिशाचं नाणं वाजत नाही, नखाने दाबलं तरी खूण उमटते आणि पांढऱ्या कागदावर कडेने ओढलं तर पेन्सिलीसारखी काळी रेघ येते. एकाच परीक्षेवर कधीच निकाल द्यायचा नाही, हे आता भाच्यानेच रजिस्टरवर लिहून टाकलंय.

मॅग्नेटचंही लिहितो. चिकटलं तर आत लोखंड किंवा निकेल. नाही चिकटलं तर काहीच सिद्ध होत नाही, तांबं, पितळ, शिसंही चिकटत नाही. बर्फ लवकर वितळतो ती व्हिडिओतली परीक्षा पण मी ठेवलेली नाही, चांदी उष्णता भराभर वाहून नेते हे खरं, पण तांबं जवळजवळ तितकंच नेतं, आणि बहुतेक खोटी नाणी आतून तांब्याच्याच जातीची.

१४ नोव्हेंबर

आज पैनगंगेच्या पलीकडून, नांदेडच्या बाजूने, बहिणीच्या सासरचे लोक आले. त्यांच्याकडे चार रुपये, सोनाराने 'हिणकस आहेत, खोटे आहेत' म्हणून परत केलेले. वजन ११.१ च्या आसपास, घनता १०.१ ते १०.२. एका बाजूला चारमिनार.

हे खोटे नाहीत. हा निजामाचा हाली सिक्का. त्याचं ठरलेलं वजनच ११.१८ ग्रॅम आणि चांदी ८१.८ टक्के, ब्रिटिश रुपयापेक्षा कमी. कलदार अन् हाली असे दोन रुपये तेव्हा सोबत चालत आणि हालीला बाजारात कलदारापेक्षा कमी भाव मिळे. पैनगंगा म्हणजे वऱ्हाडची अन् निजामाच्या मुलखाची हद्द, आणि वऱ्हाडही १८५३ ला इंग्रजांच्या कारभाराखाली गेला तो निजामाकडूनच, तेव्हा आपल्या पेट्यांमध्ये हाली सापडणारच. चारमिनारच्या दारात बारीक उर्दू अक्षर असतं, मीम असेल तर महबूब अली खानांच्या वेळचा, ऐन असेल तर उस्मान अली खानांच्या, म्हणजे १९११ नंतरचा. चारही नाण्यांवर ऐन आहे. त्यांच्या आईला हे समजावून सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ नाणी हातात धरून बसल्या, सोनाराने खोटं म्हटल्यापासून त्यांना वाटत होतं की आपल्या सासऱ्याने घरात खोटा पैसा ठेवला होता.

याच कारणाने दुसऱ्या महायुद्धातले रुपये पण वेगळे काढावे लागले. १९४० पासून सरकारनेच चांदी अर्ध्यावर आणली, ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त, वजन तेच ११.६६. त्याची घनता साडेनऊच्या आसपास येते. ते झिजले की पिवळट-मळकट दिसतात, लोक म्हणतात मुलामा उडाला. नाही उडाला, ते तसेच आहेत. त्यांची खूण कडेवर आहे, दात्यांच्या मधोमध सगळीकडून एक खाच फिरवलेली, नकल करणाऱ्यांना अवघड जावं म्हणूनच ती घातली होती. आणि १९४७ चा वाघाचा रुपया, तो चांदीचा नाहीच, शुद्ध निकेलचा, मॅग्नेटला टुपकन चिकटतो आणि तरीही खरा आहे. कोणी 'स्वातंत्र्याच्या सालाचा चांदीचा रुपया' म्हणून विकत असेल तर उठून निघून यावं.

१९ नोव्हेंबर

सालाचा तक्ता केला. काटा, पाणी काहीही नसताना नुसतं वाचता आलं तरी बरेच खोटे इथे पकडले जातात, कारण नकल करणाऱ्याला इतिहास माहीत नसतो.

१८३५ पासूनचे कंपनीचे रुपये दोनच सालांचे, १८३५ चा विल्यम राजाचा आणि १८४० चा तरुण राणीचा, मुकुट नसलेला. १८४० हेच साल पुढे वर्षानुवर्षं छापत राहिले. मग १८६२, मुकुटवाली राणी, 'व्हिक्टोरिया क्वीन'. हे साल तर १८७३ पर्यंत तसंच गोठवून ठेवलं होतं, पुढच्या वर्षांच्या खुणा म्हणून बारीक टिंबं घालत. त्यामुळे १८६५ किंवा १८७० असं साल लिहिलेला रुपया दिसला की तो चालणार नाही. १८७४ पासून साल बदलायला लागलं. १८७७ ला राणी सम्राज्ञी झाली, तिथून 'क्वीन'च्या जागी 'एम्प्रेस', ते १९०१ पर्यंत. म्हणजे 'एम्प्रेस' आणि १८६२ एकाच नाण्यावर असतील तर कोणीतरी दोन वेगवेगळ्या नाण्यांचे साचे जोडलेत. एडवर्ड, उघड्या डोक्याचा, १९०३ ते १९१०. पाचवा जॉर्ज १९११ ते १९२२, आणि त्यानंतर १९३८ पर्यंत रुपयाच पाडला नाही. अधेल्या, पावल्या पुढेही निघाल्या, पूर्ण रुपया नाही. कालच एक माणूस १९३० चा जॉर्जचा रुपया घेऊन आला होता, त्याच्याकडे काटा काढायचीही गरज पडली नाही.

लोक विचारतात सगळ्यात जास्त कोणता सापडतो. १९१७ ते १९२० च्या दरम्यानचे. पहिल्या महायुद्धात रुपयांची एवढी टंचाई झाली की १९१८ ला अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. मामीच्या १९१९ च्या रुपयात त्या डॉलरची चांदी असू शकते. एवढ्या प्रचंड संख्येने पाडलेलं नाणं दुर्मिळ कसं असेल? 'शंभर वर्षं जुनं म्हणजे लाखाचं' हा समज काढायला मला खोटी नाणी ओळखायला शिकवण्यापेक्षा जास्त बोलावं लागतंय.

२३ नोव्हेंबर

तालुक्याला सोनारकाकांकडे बसलो. चांगला माणूस, तिसरी पिढी. त्यांनी कसोटीवर रेघ ओढून, तेजाबाचा थेंब टाकून, त्यावर मिठाचं पाणी सोडून दाखवलं, चांदी असली की दुधासारखं पांढरं होतं. मी विचारलं मुलामा असेल तर? म्हणाले कड थोडी घासून आतलं पाहावं लागते. त्यांच्या ओळखीच्या जिल्ह्याच्या सराफाकडे मशीन आहे, किरण सोडून टक्केवारी सांगते, पण तेही वरच्या अगदी पातळ थरापुरतं बघतं, जाड मुलामा त्याला फसवतो. एवढ्यासाठीच पाण्याची पद्धत मला मोलाची वाटते, ती नाण्याचं पूर्ण पोट मोजते. काकांनी पहिल्यांदा पाहिली, लगेच ग्लास मागवून स्वतः करून पाहिली, आवडली त्यांना.

मग मुद्द्यावर आलो. काकांचा प्रश्न एकच असतो, चांदी आहे की नाही, कारण ते वितळवून भाव देतात. पण माझ्या रजिस्टरमध्ये प्रश्न दोन आहेत. चांदी खरी आहे का, हा एक. नाणं खरं आहे का, हा वेगळा. हाली रुपया पहिल्या प्रश्नात कमी पडला म्हणून खोटा ठरला, तसंच उलटही होतं. १८९३ पर्यंत कोणीही चांदी टांकसाळीत नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, तेव्हा रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत जवळपास सारखी. १८९३ ला ते बंद झालं. पुढे रुपयाचा भाव त्याच्यातल्या चांदीपेक्षा वर ठेवला गेला. म्हणजे चोराला अस्सल चांदी विकत घेऊन, पूर्ण वजनाचा, पूर्ण कसाचा रुपया पाडला तरी नफा उरत होता. अशा नाण्यावर काटा, पाणी, तेजाब, आवाज सगळे 'खरं' म्हणतील. तिथे फक्त डोळा अन् भिंग कामाला येतात. काका म्हणाले, "आमच्या वडलाइनं हे सांगतलं होतं मले, पण आजकाल कोण एवढं पाह्यते."

२८ नोव्हेंबर

नेमकं असंच नाणं आलं. शेजारच्या गावचे एक काकाजी, रिटायर्ड, १९११ चा रुपया घेऊन आले. याच्याबद्दल बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पाचव्या जॉर्जच्या झग्यावर साखळीत एक हत्ती आहे, पण १९११ च्या ठशात त्याची सोंड आखूड दिसली आणि बाजारात लोक म्हणायला लागले की राजाच्या छातीवर डुक्कर आहे. मुसलमानांना ते नकोसं, बोभाटा झाला, सरकारने नाणी परत घेऊन बरीचशी वितळवली आणि १९१२ ला हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा महाग, आणि म्हणून त्याच्या नकलाही फार.

वजन ११.६५. पाण्यात १.१३. आवाज लांब, सुरेल. चांदी बरोबर. भिंगाखाली मात्र प्राण्याभोवतीची जागा उरलेल्या झग्यापेक्षा खोल, तिथे सुईसारख्या हत्याराच्या बारीक रेघा, सोंडेचा भाग खरवडलेला. सालातला शेवटचा १ सुद्धा बाकीच्या आकड्यांपेक्षा ठेंगणा, त्याच्या बुडाशी धातू उकरल्याची खूण. माझं मत, हा पुढच्या सालाचा खरा रुपया आहे, हत्ती खरवडून डुक्कर केलंय आणि साल बदललंय. १९३९ चा रुपया असाच दुर्मिळ, तिथे १९३८ च्या शेवटच्या आकड्यावर हात चालवलेला असतो, तेव्हा ही दोन सालं आली की आधी आकड्यांची बुडं पाहायची.

काकाजींना सांगायला जड गेलं, त्यांनी मोठी रक्कम मोजली होती. पण मत हे मत आहे, म्हणून त्यांना म्हटलं की नाणकशास्त्र जाणणाऱ्याला प्रत्यक्ष नाणं दाखवा, फोटोवर समाधान मानू नका. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, आपला अजब बंगला, १८६३ पासून आहे, तिथली नाणी आधी डोळ्यांखालून घाला, अस्सल पाहिलेल्या डोळ्याला नकल सापडते.

३ डिसेंबर

गेल्या दोन बाजारांत रामदरबाराची नाणी फार आली. राम, सीता, मारुती, मागे ईस्ट इंडिया कंपनी, साल १८१८, कधी १७१७ नि १६१६ सुद्धा. कंपनीने असं चलन कधी काढलं नाही, ही देवस्थानांजवळ विकली जाणारी टोकनं, वरून चांदीचं पाणी दिलेलं. पूजेत ठेवायला हरकत नाही, श्रद्धा ज्याची त्याची. पण याच नाण्यांवर तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढणारं चमत्कारी नाणं म्हणून लाखांचे सौदे होतात, आपल्या भागातले लोक वावर गहाण टाकून त्यात बुडालेत. तांदूळ ओढला जातो कारण दाण्यांत लोखंडाचा कीस मिसळलेला असतो किंवा दाणे तशाच कशाने रंगवलेले असतात, एवढंच त्यात आहे. दुकानात आणून द्या नाणं, तांदूळ माझ्या घरचे वापरू, ओढलं तर बोलू.

दुसरा प्रकार मोबाईलवरचा. जुनं नाणं लाखात विकत घेतो, आधी रजिस्ट्रेशन फी भरा, मग टॅक्स भरा, रिझर्व्ह बँकेचं पत्र पण पाठवतात. रिझर्व्ह बँकेनेच २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असे व्यवहार करत नाही आणि कोणाला आमच्या नावाने फी घ्यायचा अधिकार दिलेला नाही. त्याची प्रिंट काढून शटरला लावली.

७ डिसेंबर

तूर भरलीय, पुढच्या आठवड्यापासून लोक वावरात, येणं कमी होईल. रजिस्टर आज नीट मांडून घेतलं. वजन, व्यास, जाडी, पाण्यातला आकडा, घनता, मॅग्नेट, आवाज, कड, साल अन् छाप जुळतात का, आणि शेवटी दोन वेगळे रकाने, 'चांदी' आणि 'नाणं'. काकाजींच्या १९११ पुढे चांदी खरी, नाणं बदललेलं. बहिणीच्या सासरच्या हालीपुढे चांदी ८१.८, नाणं खरं. वाघाच्या रुपयापुढे चांदी नाही, नाणं खरं. वहिनींच्या गाठोड्यापुढे दोन्ही नाही. त्यांनी परवा तक्रार दिली, घरचे सोबत गेले होते, नोंद झाली.

काही नाण्यांपुढे 'ठरलं नाही' लिहिलंय आणि ते तसंच राहू देणार. विशेषतः हाताने ठोकलेले जुने, गोल नसलेले, फारसी अक्षरांचे, ज्यांच्यावर ठसा अर्धाच बसलेला असतो. त्यांचे वजनाचे नियम जागोजागी वेगळे, त्यांना कलदाराचा तक्ता लावणं अन्यायाचं होईल.

बायकांच्या बैठकीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, चिंच, राख, दंतमंजन लावून घासू नका. काळपटपणा म्हणजे चांदीवर गंधकाचा बसलेला थर, तो नाण्याला खात नाही, उलट वर्षानुवर्षं एकसारखा बसलेला काळपटपणा जाणकाराला खरेपणाची साक्ष वाटतो. घासलं की बारीक नक्षी जाते, वजन जातं आणि संग्राहक हातही लावत नाही. धूळ असेल तर साधं पाणी, मऊ कापडाने टिपायचं, प्रत्येक नाणं वेगळ्या कागदाच्या पाकिटात.

मामीने विचारलं, मग पूजेत काळंच ठेवायचं का. हो म्हटलं. वरच्या आळीतल्या आबाजींनी तर तिथल्या तिथे त्यांचे तीन राणीछाप पुढे केले, लिहून घे म्हणाले. १८६२ चा, ११.४४. १८७७ चा, ११.५१. १८९८ चा, ११.६०, याला कडी होती ती काढल्याचा डाख मुकुटाच्या वर दिसतो. तिन्हींचं पाणी बरोबर, कड बरोबर, दोन वाजतात, डाखवाला नाही वाजत. चांदी खरी, नाणं खरं, तिन्ही.